शाळा कुणाची? मुंबईची १८२२ची सोसायटी आणि मुहम्मद इब्राहिम मकबा

आमच्या कुही तालुक्यात कुठल्याही गावात शाळेबद्दल विचारा, लोक दोनच प्रकार सांगतात. एक 'कॉन्व्हेंट', दुसरी 'सरकारी'. यातल्या 'सरकारी' या शब्दात शाळा कोण चालवते एवढीच माहिती नसते. ती आपली नाही, असेही त्यात सांगून झालेले असते. छप्पर गळाले तर सरकार पाहील, गुरुजी कमी असतील तर सरकार पाठवील, पट घसरला तर सरकार बंद करील. आपण फक्त मुलाचा दाखला न्यायचा किंवा आणायचा.

ही समजूत आज सगळ्या समाजांत आहे. आपल्या मुस्लिम वस्त्यांत ती जरा जास्तच घट्ट आहे. मदरसा आपला, मशीद आपली, कब्रस्तान आपले. त्यासाठी चंदा देताना कुणी मागेपुढे पाहत नाही. जिल्हा परिषदेची शाळा मात्र, मग ती मराठी असो की उर्दू, 'त्यांची'. हे 'ते' कोण, हे कुणी नेमके सांगू शकत नाही.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून पहिल्या सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हा त्यांची देखरेख सरकारच्या शिक्षण खात्याकडे नव्हती, कारण असे खातेच अजून जन्मले नव्हते. ते काम वर्गणीदारांच्या एका सोसायटीकडे होते. तिच्यात इंग्रज अधिकारी होते, पारशी व्यापारी होते, हिंदू शेठ होते, शास्त्री होते आणि मुहम्मद इब्राहिम मकबा नावाचे एक कोकणी मुसलमान गृहस्थही होते. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव येत नाही. आपल्या जलशांतही येत नाही. म्हणून ही हकिगत सविस्तर सांगायला हवी.

सोसायटीआधीच्या शाळा

इंग्रजांच्या आधी इथे शिक्षण नव्हते, असे नाही. गावोगाव पंतोजींच्या शाळा भरत. मुले धुळाक्षरे गिरवत, मोडी शिकत, पावकी-निमकी, अडीचकी पाठ करत. मुसलमान वस्त्यांत मकतब होते. तिथे अरबी अक्षरओळखीबरोबर फारसीही शिकवली जाई, आणि दरबारी कामासाठी फारसी हवी असलेली हिंदू मुलेही तिथे बसत. १८२९च्या सरकारी पाहणीत मुंबई इलाख्यात सतराशेच्या वर शाळा आणि पस्तीस हजारांच्या आसपास मुले नोंदली गेली. यातल्या बहुतेक शाळा गावकऱ्यांनी आणि पालकांनीच पोसलेल्या होत्या. म्हणजे शाळेला समाजाने हातभार लावायचा, ही रीत इथली जुनीच आहे.

पण या शाळांत छापील पुस्तक नसे. शिक्षक तयार करण्याची सोय नसे. मुली जवळजवळ नसत आणि ज्यांना अस्पृश्य ठरवले गेले त्यांच्या मुलांना दार बंद होते. जे शिकवले जाई ते हिशेब आणि पत्रव्यवहार यांच्या पलीकडे फारसे जात नसे.

१८१५मध्ये मुंबईत 'बॉम्बे एज्युकेशन सोसायटी' स्थापन झाली. तिचा मूळ हेतू गरीब युरोपीय मुलांचे, मुख्यतः सैनिकांच्या मुलांचे, शिक्षण हा होता. पुढे तिने देशी मुलांसाठीही काही शाळा काढल्या. काम वाढले तसे ध्यानात आले की देशी मुलांची गरज वेगळी आहे, त्यांची भाषा वेगळी आहे. ऑगस्ट १८२०मध्ये देशी शाळा आणि देशी भाषांतली पुस्तके यांसाठी एक खास समिती नेमण्यात आली. १८२२मध्ये ही समिती मूळ संस्थेतून वेगळी झाली आणि तिची स्वतंत्र सोसायटी बनली. नाव होते 'बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी'. १८२७पासून ती 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे तिचे अध्यक्ष होते.

चार उणिवा

सोसायटीने आधी पाहणी केली. १८२३मध्ये तिच्या समितीने देशी शिक्षणातल्या चार मोठ्या उणिवा मांडल्या. पुस्तके नाहीत. शिकवण्याची नीट पद्धत नाही. योग्य शिक्षक नाहीत. पैसा नाही. दोनशे वर्षांपूर्वीची ही यादी आज कुठल्याही केंद्र संमेलनात वाचून दाखवली, तर समोर बसलेले शिक्षक माना डोलावतील.

या यादीचा क्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. पैशाचे नाव शेवटी आहे, पुस्तकांचे सर्वांत आधी. इमारतीचा तर उल्लेखच नाही. आज एखाद्या दात्याला शाळेसाठी काही करावेसे वाटले की पहिला विचार प्रवेशद्वाराचा आणि त्यावरच्या नावाच्या पाटीचा होतो. सोसायटीने विचार केला तो वर्गात बसलेल्या मुलाच्या हातात काय आहे याचा.

याच अहवालाच्या आधारे एल्फिन्स्टन यांनी १३ डिसेंबर १८२३ रोजी आपले प्रसिद्ध शिक्षणविषयक टिपण लिहिले. देशी शाळांतली शिकवण्याची पद्धत सुधारणे, शाळांची संख्या वाढवणे, त्यांना पुस्तके पुरवणे, देशी भाषांत शास्त्रविषयांची पुस्तके तयार करवणे, या गोष्टी त्यात होत्या. हे काम सरकारने स्वतः हाती न घेता सोसायटीमार्फत करावे आणि तिला पैशाची मदत द्यावी, असा त्यांचा रोख होता. त्याप्रमाणे सरकारी अनुदान सुरू झाले. वर्गणी आणि सरकारी पैसा असे दोन्ही प्रवाह एका ठिकाणी आले.

छत्रे, जर्व्हिस, जांभेकर

पुस्तकांचे काम कोण करणार? सोसायटीचे एक चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे लष्करातले इंजिनिअर होते. त्यांनी शास्त्र्यांच्या मदतीने मराठीत गणिताची पुस्तके तयार केली. देशी चिटणीस होते सदाशिव काशिनाथ छत्रे. बापू छत्रे या नावाने ते ओळखले जात. 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही त्यांची पुस्तके मराठी मुलांच्या हातात पडलेल्या पहिल्यावहिल्या छापील गोष्टींपैकी होत. आज पहिली-दुसरीच्या वर्गात कोल्हा आणि द्राक्षांची गोष्ट सांगताना आपण नकळत छत्र्यांच्याच वाटेने चालत असतो.

छत्र्यांनंतर देशी चिटणीसपदी आले बाळशास्त्री जांभेकर. आपण त्यांना ६ जानेवारी १८३२च्या 'दर्पण'मुळे ओळखतो आणि दरवर्षी पत्रकार दिन साजरा करतो. पण त्यांची सुरुवातीची नोकरी याच सोसायटीत होती, आणि पुढे शाळा तपासणे, अध्यापक तयार करणे हे काम त्यांनी केले. पत्रकारांनी त्यांना आपले मानले. शिक्षकांनीही तितकेच आपले मानायला हवे.

शिक्षकांची उणीव भरून काढण्यासाठी सोसायटीने मुंबईत निवडक तरुणांना शिकवले. १८२६च्या सुमारास तयार झालेल्या २४ शिक्षकांना जिल्ह्यांत पाठवण्यात आले. त्यांनी दख्खन, कोकण आणि गुजरातेत मराठी आणि गुजराती शाळा सुरू केल्या. पगार सरकारचा, पुस्तके आणि देखरेख सोसायटीची, अशी ती व्यवस्था होती. चोवीस माणसे म्हणजे आजच्या एखाद्या केंद्रातले शिक्षक. एवढ्या भांडवलावर इलाख्याचे सार्वजनिक शिक्षण सुरू झाले. १८४०मध्ये सोसायटीचे काम संपले, तेव्हा तिच्याकडे ४ इंग्रजी शाळा आणि जिल्ह्यांतल्या ११५ प्राथमिक शाळा होत्या.

१८२७मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त झाले. त्यांच्या नावाने काही उभारावे म्हणून लोकांनी सव्वा दोन लाख रुपयांहून अधिक रक्कम जमवली. त्या काळच्या मानाने हा आकडा प्रचंड होता. त्या पैशाचा पुतळा उभारून थांबण्याऐवजी अध्यापकांची पदे निर्माण करण्याचे ठरले, आणि त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले.

मकबा आणि त्यांचे व्याकरण

आता मकबांकडे वळू. मुहम्मद इब्राहिम मकबा हे मुंबईतल्या कोकणी मुसलमान समाजातले. कोकणातल्या बंदरांवरून मुंबईत आलेला हा समाज व्यापार, जहाजे आणि कंपनी सरकारच्या कामकाजात स्थिरावलेला होता. समुद्रावर अरबी-फारसीशी संबंध, बाजारात हिंदुस्थानी आणि गुजराती, घरात कोकणी-मराठी, अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला भाषा म्हणजे काय असते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

१८२३मध्ये मुंबईत त्यांचे हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. गव्हर्नरांच्या नावावरून त्याचे नाव ठेवले होते 'तोहफा-ए-एल्फिन्स्टन'. आज आपण ज्या भाषेला उर्दू म्हणतो, तिचे हे व्याकरण दिल्ली-लखनौत न छापता मुंबईत छापले गेले आणि लिहिणारा कोकणातला मुसलमान होता. उर्दू म्हणजे उत्तरेची भाषा आणि महाराष्ट्रातल्या मुसलमानांनी ती उसनी घेतली, असे सर्रास बोलले जाते. त्या बोलण्याला हे एक पुस्तक पुरेसे उत्तर आहे.

हे मकबा सोसायटीच्या कामात होते. सोसायटीने त्यांना किती मानले, याचा पुरावा १८४०मध्ये मिळतो. त्या वर्षी सरकारने सोसायटीचे काम आपल्या अखत्यारीत घेण्यासाठी 'बोर्ड ऑफ एज्युकेशन' नेमले. बोर्डात सात जण होते. त्यातले तीन सोसायटीने निवडून द्यायचे होते. सोसायटीने जी तीन नावे दिली ती अशी: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. इलाख्यातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या पहिल्या मंडळात आपला माणूस पहिल्या दिवसापासून बसलेला होता.

'मुसलमान आधुनिक शिक्षणात उशिरा आले' हे वाक्य आपण इतके ऐकले आहे की आपणच ते म्हणू लागलो आहोत. संख्येच्या हिशेबात त्यात तथ्य आहे. १८८२च्या हंटर आयोगाला मुसलमानांच्या शिक्षणासाठी वेगळ्या शिफारशी कराव्या लागल्या, हे खरेच आहे. पण सुरुवातीच्या घडणीत मुसलमान नव्हतेच, हे मात्र खरे नाही.

१८४७चा वाद

बोर्डाच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा वाद माध्यमाचा होता. १८४३मध्ये सर अर्स्किन पेरी बोर्डाचे अध्यक्ष झाले. ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते. त्यांचा कल स्पष्ट होता: पैसा थोडा आहे, तो सगळीकडे पातळ पसरण्यापेक्षा वरच्या वर्गातल्या थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, आणि ज्ञान तिथून खाली झिरपेल.

याच्या विरोधात उभे राहिले ते कर्नल जर्व्हिस, म्हणजे तेच पूर्वीचे कॅप्टन जर्व्हिस, आणि तिघे देशी सदस्य. १८४७मध्ये जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी आपापली टिपणे लिहून मांडली. नाना शंकरशेट यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की सर्व लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान न्यायचे असेल, तर ते त्यांच्याच भाषेतून नेण्याखेरीज मार्ग नाही. इंग्रजी शिकण्याला त्यांचा विरोध नव्हता, पण तिला सगळ्यांच्या शिक्षणाची एकमेव वाट बनवायला होता. फ्रामजी कावसजी आणि मकबा हे दोघे याच बाजूला होते.

या तिघांकडे पुन्हा पाहू या. तिघेही मुंबईतले प्रतिष्ठित. तिघांच्याही घरातल्या मुलांना इंग्रजी शिकणे अवघड नव्हते. पेरींच्या योजनेत फायदा झाला असता तो अशाच घरांचा. तरी तिघांनी बाजू घेतली ती जिल्ह्यांतल्या त्या मुलांची, ज्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. आणि मकबा तर हिंदुस्थानीचे व्याकरणकार. त्यांनी आपल्या भाषेचा वेगळा हट्ट धरून मराठी-गुजरातीच्या बाजूने उभे राहण्याचे टाळले नाही. मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत त्याने शिकावे, हे तत्त्व एकदा मानले की ते मराठीला लागू होते, गुजरातीला होते आणि उर्दूलाही होते. एका भाषेचे प्रेम दुसऱ्या भाषेच्या आड येत नाही.

प्रकरण सरकारकडे गेले. १८४८मध्ये सरकारचे जे उत्तर आले ते दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचे वाटावे असे होते. पेरींनी उच्च शिक्षणात इंग्रजीवर भर देणे चालूच ठेवले. पण मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळा देशी भाषेतच राहिली. आज महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळा मराठीत आणि उर्दूत भरतात, त्याच्या मुळाशी जी भांडणे लढली गेली, त्यातले हे एक.

या कामातली खोट

गुणगान करून थांबलो तर ते इतिहास सांगणे होणार नाही. सोसायटीच्या शाळा नावाने सर्वांच्या होत्या, पण शिकणाऱ्यांत उच्चवर्णीयांचा भरणा होता. एल्फिन्स्टन यांनी १८२३च्या टिपणात अगदी उघडपणे लिहून ठेवले आहे की सर्वांत खालच्या मानलेल्या जातींतली मुले उत्तम विद्यार्थी ठरतात. पण शिक्षणाने आधी त्यांच्यात मूळ धरले, तर ते इतर जातींत पसरणार नाही, अशी भीती त्यांना वाटत होती. म्हणजे या मुलांची कुवत माहीत असूनही त्यांना रांगेत मागे ठेवले गेले. मुलींचा विचार तर या यंत्रणेने जवळजवळ केलाच नाही. ती उणीव भरून काढायला १८४८मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांना पुढे यावे लागले, आणि त्यांच्या कामात फातिमा शेख यांची साथ होती.

शाळांना मदत करणारी संस्था कितीही भली असली, तरी मदत कुणापर्यंत पोचते आणि कुणापाशी अडते, हे विचारणारा कुणीतरी बाहेर लागतोच.

वर्गणीची पट्टी झाली

१८५४चा वुडचा खलिता आला. १८५५मध्ये बोर्ड संपले आणि शिक्षण खाते सुरू झाले. शाळा वाढल्या, इन्स्पेक्टर आले, नियम आले. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा स्थानिक पट्टी बसवण्यात आली आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवण्यात आला.

इथे एक मोठा बदल झाला. आधी लोक वर्गणी देत होते, आता पट्टी भरू लागले. वर्गणी देणारा माणूस विचारतो, माझ्या पैशाचे काय केले? पट्टी भरणारा पावती घेऊन घरी जातो. खरे तर पट्टीने शाळेवरचा हक्क वाढायला हवा होता, कारण आता केवळ शेठ-सावकारांचा नव्हे, तर प्रत्येक शेतकऱ्याचा पैसा शाळेत होता. झाले उलटेच. शाळा 'सरकारी' झाली. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी हीच तक्रार मांडली: सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. प्राथमिक शिक्षणावर अधिक खर्च करा, अशी त्यांची मागणी होती.

मुसलमानांपुरते बोलायचे तर १८७४मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. समाजाने स्वतःच्या शाळा काढण्याचा तो मार्ग होता आणि त्याने मोठे काम केले. पुढे शहराशहरांत अंजुमन उभ्या राहिल्या. त्या मार्गाला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण त्यामुळे मकबांचा जुना मार्ग, म्हणजे सर्वांच्या शाळेत आपला वाटा घालण्याचा मार्ग, आपल्या विस्मरणात गेला.

आपल्या नागपूरकडे

हे सगळे घडत होते तेव्हा आपला मुलूख मुंबईच्या नकाशात नव्हता. नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. डिसेंबर १८५३मध्ये तिसरे रघुजी वारले, वारस नामंजूर करून १८५४मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्यानंतर इथे शिक्षण खाते आले. म्हणजे मुंबईकडे सोसायटी आधी आली आणि खाते मागून. आपल्याकडे खातेच आधी आले. शेतसाऱ्यावरची शिक्षणपट्टी इथेही होती. शाळा वरून आली, पैसा खालून गेला, पण मधली सोसायटी नव्हती. पूर्व विदर्भातल्या गावांत शाळेबद्दलचा परकेपणा अधिक खोल दिसतो, त्याचे एक कारण हेही असावे असे मला वाटते.

नाहीतर भाषेच्या बाबतीत हा तालुका कुणापेक्षा मागे असण्याचे कारण नाही. मराठीतला आद्य ग्रंथ मानल्या जाणाऱ्या 'विवेकसिंधू'शी आणि मुकुंदराजांशी परंपरा आपल्या तालुक्यातल्या आंभोऱ्याचे नाव जोडते. अंबाजोगाईचे लोक हा दावा मान्य करणार नाहीत, तो वाद वेगळा. मांढळला वाकाटकांचे ताम्रपट सापडले. धान आणि मिरचीच्या या मुलखाने अक्षर फार लवकर पाहिले आहे.

१९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुढे गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली तालुक्यातली गावे गेली. गाव उठले की शाळाही उठते. पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत ती पुन्हा मांडावी लागते. अशा वेळी शाळा ही इमारत नसून माणसांची मांडणी आहे, हे डोळ्यांनी दिसते.

पुन्हा मुंबई, १९९५

सोसायटीचा धागा पुढे पुन्हा मुंबईतच उचलला गेला. १९९५च्या सुमारास युनिसेफ, मुंबई महानगरपालिका आणि शहरातले नागरिक यांच्या सहभागातून 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे ही दोन नावे आहेत. एक रसायनशास्त्राचे अध्यापक, दुसऱ्या समाजकार्याच्या अध्यापिका. १८४०च्या बोर्डात मकबा, आणि दीडशे वर्षांनी महापालिकेच्या शाळांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेत फरीदा लांबे. हा योगायोग असेल, पण आपल्या मुलींना सांगण्यासारखा आहे.

प्रथमने आपल्या वेगळ्या शाळा उभारल्या नाहीत. झोपडपट्ट्यांत मिळेल त्या जागेत बालवाड्या भरवल्या. महापालिकेच्या शाळेत 'बालसखी' पाठवली. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, दहावी-बारावी झालेली मुलगी. तिसरी-चौथीत येऊनही ज्यांना वाचता येत नाही अशी पंधरा-वीस मुले ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसे आणि त्यांना वाचन आणि साधे गणित शिकवी. मुंबई आणि बडोद्यात या कामाची शास्त्रीय तपासणी झाली. मुलांच्या शिकण्यात ठळक सुधारणा दिसली, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. तपासणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. २००५पासून प्रथम 'असर' पाहणी करते. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या वर्गातली जवळपास निम्मी मुले दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत, हे त्याच पाहणीने देशाला दाखवले.

दोनशे वर्षांपूर्वीच्या चार उणिवा आणि ही बालसखी शेजारी ठेवून पाहा. पुस्तक, पद्धत, शिक्षक. पैसा पुन्हा शेवटी.

आपण काय करू शकतो

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या सदस्य महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणे, मिळालेल्या अनुदानाचा खर्च पाहणे, हे तिचे काम आहे. १८२२च्या सोसायटीला जे अधिकार गव्हर्नरच्या मर्जीने मिळाले होते, ते आज कायद्याने एका धान लावणाऱ्या मजूर बाईला मिळाले आहेत. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती बाई सहीपुरती येते. सभा कधी झाली हे तिला सही करताना कळते.

मग पालक म्हणतात, या शाळेत काही होत नाही, आणि पोराला कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवतात. बापाची मजुरी फीमध्ये जाते. पोर तीन वर्षांनी इंग्रजी कविता घडाघडा म्हणते आणि तिचा अर्थ विचारला की गप्प होते. घरात उर्दू, अंगणात वऱ्हाडी-झाडीच्या वळणाची मराठी, शाळेत न समजणारी इंग्रजी. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एका भाषेत पक्के झालेले मूल दुसरी भाषा किती लवकर उचलते हे वर्गात रोज दिसते. इंग्रजी हवीच. नाना शंकरशेटही तेच म्हणत होते. पण पाया कच्चा ठेवून वर मजले चढवता येत नाहीत.

इकडे पट घसरतो. पट घसरला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की उरलेले पालकही मुले काढतात. शेवटी शाळा बंद होते तेव्हा आपण निवेदन घेऊन पंचायत समितीत जातो. निवेदन द्यावेच. पण सोसायटीची माणसे निवेदनाच्या कितीतरी आधी, वाचनाच्या पुस्तकापाशी पोचली होती.

मोठी संस्था काढण्याची गरज नाही. गावातल्या दहा घरांनी मिळून समितीच्या सभेला नियमाने जायचे ठरवले तरी पुष्कळ आहे. बारावी झालेली, घरी बसलेली एखादी मुलगी संध्याकाळी दोन तास मशिदीच्या अंगणात किंवा समाजमंदिरात पंधरा मुले घेऊन वाचायला बसली, तर ती आपली बालसखी. जकातीचे नियम ठरलेले आहेत, त्याबद्दल उलेमांना विचारावे. पण सदका-ए-जारिया म्हणजे माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते ते दान. एका सरकारी शाळेतल्या ग्रंथालयाच्या पेटीत पन्नास चांगली पुस्तके, पंचवीस मराठी आणि पंचवीस उर्दू, टाकली तर ते त्यात बसत नाही, असे म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. त्या पेटीतले पुस्तक रहीम वाचील आणि रामही वाचील, हे तर त्यातले अधिकच.

एक पथ्य मात्र त्या जुन्या सोसायटीकडून घ्यावे. तिने शाळा चालवल्या, पण त्या आपल्या मालकीच्या केल्या नाहीत. अठरा वर्षे काम करून १८४०मध्ये तिने ११५ शाळा सार्वजनिक मंडळाकडे सोपवल्या आणि त्यांच्यासोबत आपली तीन माणसे पाठवली. मदत करणाऱ्याने शाळेवर आपले नाव रंगवायचे नसते. तिथे आपला आवाज मात्र ठेवायचा असतो. मकबांचे नाव आज कुठल्याही शाळेच्या फाटकावर नाही. पण जिल्हा परिषदेच्या वर्गात एखादे मूल आपल्या भाषेत पहिले वाक्य वाचते, तेव्हा त्या वाक्यात त्यांचा वाटा आहे. कुहीतली असो की मुंबईतली, सरकारी शाळा आपली आहे, कारण ती उभी राहिली तेव्हा आपण तिथे होतो.